परसातली केयुगा बदकं : काळी अंडी, चिखल आणि बाकी सगळं

दुपारचा_चहा
१४ एप्रिल, रात्री ९:१०

गेल्या महिन्यात नाश्त्याच्या धाग्यावर मी काळ्या अंड्याचा फोटो टाकला होता. तिघींनी विचारलं, रंगवलंय का? एकाने विचारलं, सडलंय का? दोन्ही नाही. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आम्ही न्यू यॉर्क राज्यात राहतो, पण शहरापासून चारेक तास वर, इथाकाजवळ. इथे हाताची बोटं पसरल्यासारखी अकरा लांबट तळी आहेत. त्यातलं सगळ्यात लांब केयुगा, साठेक किलोमीटर. हे नाव मुळात इथल्या मूलनिवासी केयुगा लोकांचं. तळ्याला ते नाव पडलं आणि तळ्यावरून या बदकांना. तीन वर्षांपूर्वी मी सहा पिल्लं मागवली. पोस्टाने. हो, पोस्टाने! सकाळी साडेसहाला पोस्टातून फोन आला, "बाई, तुमचं पार्सल ओरडतंय, लवकर घेऊन जा." अंड्यातून बाहेर पडताना पिल्लू पिवळा बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन-तीन दिवस निघतात. इथलं टपालखातं १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं पोचवतंय.

रंगाबद्दल सांगते. ढगाळ दिवशी ही बदकं निव्वळ काळी दिसतात, कोळशाची पोती फिरल्यासारखी. ऊन पडलं की मानेपासून शेपटीपर्यंत हिरवी होतात. लहानपणी काडेपेटीत सोनकिडे ठेवायचो ना, तो हिरवा. पिसात हिरवा रंग नसतोच. काळं रंगद्रव्य आणि पिसाची बारीक ठेवण यांच्यावर उजेड खेळतो, त्यामुळे हिरवं दिसतं. चोच, पाय, सगळं काळं. नावं ठेवली बाजरी, ज्वारी, नाचणी, वरी, राळा आणि कोद्रा. नवरा म्हणतो, बदकं नाहीत, किराण्याची यादी आहे.

आता अंडी. हंगामातलं पहिलं अंडं जवळजवळ काळं येतं. ताजं असताना ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं तर काळेपणा फडक्याला लागतो, खाली फिकट हिरवट कवच. रंग फक्त वरच्या पातळ थरात असतो. महिना-दीड महिन्यात अंडी राखाडी होतात, मग निळसर, उन्हाळ्याच्या शेवटी तर जवळजवळ पांढरी. शाई संपत आलेल्या पेनासारखं. आत काही वेगळं नसतं, बलक मात्र मोठा. वर्षाला एका मादीची शंभर ते दीडशे.

विचारा काय विचारायचं ते.

---

खारीबिस्किट
१४ एप्रिल, रात्री ९:४२

किती गोड!! ठाण्यात टू बीएचके आहे, बाल्कनी मोठी आहे. एक जोडी ठेवता येईल का? मुलगी मागे लागलीये. बाथटब नाही, पण लहान बाळाचा टब आहे.

---

दुपारचा_चहा
१४ एप्रिल, रात्री १०:०५

खारी, नाही गं. तुझ्या मुलीला माझी शत्रू करून घ्यायची तयारी आहे, पण नाही.

बदक दर पंधरा-वीस मिनिटांनी शिटतं, आणि ती शीट कोंबडीसारखी कोरडी नसते, पातळ असते. शिवाय ते जेवतं ते पाण्यासोबत. एक घास दाणे, एक घोट पाणी, उरलेलं पाण्यात खळबळून. अर्ध्या तासात स्वच्छ पाण्याचं पिठलं होतं. पाणी निदान नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, कारण चोच आणि डोळे ते पाण्यात बुडवूनच धुतं. हे सगळं बाल्कनीत केलंस तर खालच्या मजल्यावरचे लोक सोसायटीच्या मीटिंगची वाट बघणार नाहीत.

आणि ओरडतात! लोकांना वाटतं नर ओरडतो. उलट आहे. क्वॅक क्वॅक करते ती मादी. नराचा आवाज घसा बसल्यासारखा, कुजबुजता. सहा-आठ आठवड्यांची झाली की आवाज फुटतो, तेव्हाच कळतं कोण काय. नंतर नराच्या शेपटीवर वळलेली एक-दोन पिसं येतात, शेंडी उलटी वळवल्यासारखी.

---

लाल_माती
१५ एप्रिल, सकाळी ७:२०

मस्त धागा. आमच्याकडे कुडाळजवळ आजीची बदकं होती. जात-बित काही नाही, गावठी. रात्री खुराड्यात कोंबड्या वरच्या दांडीवर आणि बदकं खाली भुशात. आजीची एक खुडूक कोंबडी होती, तिच्याखाली बदकाची अंडी ठेवायची. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, बदकांना २८ लागतात. बिचारी आठवडाभर जास्त बसायची, हाडं निघायची तिची.

एकदा पिल्लं चार दिवसांची असताना परड्यात घंगाळ भरून ठेवलं होतं, पाणी काठोकाठ, आणि बाजूला धुण्याचा दगड. सहाच्या सहा दगडावरून घंगाळात! कोंबडी भोवती फेऱ्या मारतेय, पंख पसरून, किंचाळतेय. आजी पायरीवर बसून हसत होती. म्हणाली, "बदकाक पाणी गावला काय तेका आवस आठवणा नाय." (बदकाला पाणी मिळालं की त्याला आई आठवत नाही.) मग लगेच उठून पदरात घेऊन सगळी कोरडी केली. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

मुंगसाने आमची दोन नेली. तुमच्याकडे काय त्रास?

---

दुपारचा_चहा
१५ एप्रिल, सकाळी ७:५५

आजी ग्रेट! कोरडी केली ते अगदी बरोबर. बदकीण स्वतःच्या पिसांचं तेल पिल्लांच्या लवेला लावते. कोंबडीखालच्या किंवा दिव्याखालच्या पिल्लांना ते मिळत नाही, त्यामुळे ती भिजतात, गारठतात, मरतातही. मी पहिले काही आठवडे सिंकमध्ये कोमट पाण्यात पाच मिनिटं सोडायचे, मग टॉवेल, मग दिवा. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली साधारण ३२ अंश, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी.

त्रासाचं रात्री लिहिते. लिहायला जड जातंय.

---

यॉर्कशायरी
१५ एप्रिल, दुपारी २:१५

आमच्याकडे चार 'इंडियन रनर' आहेत. बायकोने नाव वाचून घेतली, "आपलीच आहेत." घरी आणून वाचलं तर भारताशी संबंध शून्य. इंडोनेशियातल्या लोम्बोक, जावा, बालीकडची. ईस्ट इंडीजमधून एकोणिसाव्या शतकात जहाजांवरून इंग्लंडात आली म्हणून इंडियन. तिकडे भातखाचरांतून ती पायी हाकत नेतात, त्यामुळे अंगकाठी अशी की वाइनच्या बाटलीला पाय फुटलेत. चालत नाहीत, धावतातच, आणि चौघं मिळून एकाच दिशेला. दक्षिण आफ्रिकेत स्टेलेनबॉशला व्हेर्गेनुग्ड म्हणून द्राक्षमळा आहे, तिथे रोज सकाळी अशा बदकांची पलटण गोगलगायी खायला सोडतात.

गंमत म्हणजे यांच्यापासून ग्लॉस्टरशरमधल्या उली गावच्या मिसेस कॅम्पबेल यांनी १९०० च्या आसपास जी जात काढली, ती खाकी कॅम्पबेल. इंडियन रनरमधलं 'इंडियन' खोटं, पण कॅम्पबेलचं 'खाकी' आपल्याकडचं अस्सल!

---

कुट्टनाडचा_पाहुणा
१५ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

बँकेच्या बदलीमुळे सहा वर्षं केरळात आलप्पुळाला आहे. इथे बदकं हा छंद नाही, पोट आहे. कुट्टनाडात भातशेती समुद्रसपाटीच्या खाली. कापणी झाली की हजारोंचे कळप सोडतात. खाली पडलेला दाणा, शंख, किडे सगळं साफ, वर खत. मग पुढच्या शेतावर. एक माणूस काठी घेऊन होडीत, पुढे काळं-तपकिरी पाणी हलल्यासारखा कळप. इथल्या दोन जाती, चारा आणि चेंबल्ली. चाराच्या नराचं डोकं हिरवट काळं, चेंबल्ली तपकिरी. ताई, तुमच्या फोटोतला नर बघून आधी मला चाराच वाटला.

२०१४ च्या नोव्हेंबरात इथे बर्ड फ्लू आला, नंतरही आला. मारलेल्या बदकांचे ढीग जळताना पाहिलेत. ते विसरता येत नाही. 'पेट' म्हणून पाळणाऱ्यांनी तेवढं डोक्यात ठेवावं.

---

दावणीचा_डॉक्टर
१५ एप्रिल, रात्री ८:४०

पशुवैद्य आहे, म्हणून चार गोष्टी. धागा वाचून कोणी पिल्लं आणणार असेल तर आधी हे वाचा.

बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं. आपल्याकडे बाजारात मिळतं कोंबडीचं खाद्य. ते तसंच दिलं तर दोन-तीन आठवड्यांत पिल्लू लंगडतं, पाय फाकतात, मग बसूनच राहतं. लोक माझ्याकडे 'लकवा' म्हणून घेऊन येतात. ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बीअर करताना उरणारं यीस्ट, खाद्यात मिसळा, त्यात नायसिन असतं. वेळेत दिलं तर उभं राहतं, उशीर झाला की पाय वाकडेच राहतात.

दुसरी गोष्ट बदक पाळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते : शेंगदाण्याची पेंड आणि मका. त्यावर बुरशी धरली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं, आणि त्याला बदकाचं पिल्लू कमालीचं नाजूक. कोंबडी पचवून जाईल तेवढ्यात बदकाचं यकृत जातं. हे विष मुळात सापडलं तेच १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की मेल्या तेव्हा. खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती. तेव्हा बदकांची पिल्लंही मेली होती. पावसाळ्यात कोंदट पोत्यातलं खाद्य वासाने जरी संशयास्पद वाटलं तरी फेका. बदकाला घालून संपवू नका.

फ्लूबद्दल कुट्टनाडचे पाहुणे बोललेत ते शंभर टक्के. आपल्याकडे पहिला उद्रेक २००६ ला नवापूरचा, तो कोंबड्यांतला. बदकाचा घोळ असा की कधीकधी ते विषाणू अंगावर घेऊन ठणठणीत फिरतं आणि शेजारच्या कोंबड्या पटापट मरतात. रानबदकं उतरतात त्या तळ्यावर पाळीव बदकं सोडू नका. अंडी पूर्ण शिजवून खा. बदकांच्या प्लेगची लस मिळते, ती बदकांना टोचून घ्या.

पाव घालू नका हे सांगायला हवं का? हवं. घालू नका.

---

खारीबिस्किट
१५ एप्रिल, रात्री ९:०२

डॉक्टर, मुलीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आता तिला ससा हवाय.

---

दुपारचा_चहा
१५ एप्रिल, रात्री १०:३०

हाहा खारी. डॉक्टर, खूप आभार. कोद्रा तिसऱ्या आठवड्यात लंगडायला लागला होता, तेव्हा मला हे माहीतच नव्हतं. यीस्टने पाच-सहा दिवसांत सुधारला. त्याहून मोठी धास्ती चकाकणाऱ्या वस्तूंची. कुंपणाचं काम झालं तेव्हा गवतात पडलेले स्क्रू, तारेचे तुकडे मी लोहचुंबक दोरीला बांधून अख्खं अंगण फिरून गोळा केले. बदक चमकतं ते गिळतं, आणि त्यावरच्या जस्ताच्या मुलाम्याने विषबाधा होते. इथली एक सेंटची नाणीही आतून जस्ताचीच.

आता त्रास. आमच्याकडे मुंगूस नाही, रकून आहे, मांजराहून मोठा, रात्री फिरणारा प्राणी. खुराड्याला मी साधी आकडी लावली होती, घरमालकिणीचा हुशारीचा कळस. रकूनचे पुढचे पंजे माणसाच्या हातासारखे. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात पहाटे चारला आवाज आला. मी टॉर्च घेऊन पोचेपर्यंत दार उघडं आणि ज्वारी नव्हती. कुंपणापर्यंत काळी पिसं, आणि टॉर्चच्या उजेडात तीसुद्धा हिरवी चमकत होती. उरलेली पाच एका कोपऱ्यात, एकावर एक, आवाज नाही. दोन दिवस अंडं नाही.

आता दोन कड्या आहेत, त्यात गिर्यारोहणाचे हुक. कोंबड्यांची षट्कोनी जाळी काढून टाकली, ती रकून फाडतो किंवा तिच्यातून हात घालतो. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावली, जमिनीखालीही फूटभर. खर्च बदकांच्या किमतीच्या पंचवीसपट. नवऱ्याने हिशेब करायचं बंद केलंय.

---

उलटतपासणी
१६ एप्रिल, सकाळी ११:१५

लेख आवडला. पण एक शंका, राग मानू नका. तुम्ही मागे केयुगाबद्दल 'वारसा जात', म्हणजे जपायला हवी अशी जुनी, दुर्मीळ जात, असं लिहिलं होतं. जात दुर्मीळ का झाली? कारण तिला काम उरलं नाही. मग चार-पाच बदकं अंगणात लाडाने वाढवली, तर त्यात वारसा कुठे टिकला? ती म्हातारी होतील, मरतील, संपलं. खिलार बैल शोभेला पाळल्यासारखं. जात टिकते ती कुट्टनाडात, शेतात राबते म्हणून.

---

लाल_माती
१६ एप्रिल, सकाळी ११:४०

उलटतपासणी, खिलार शोभेला पाळणारे लोक आहेत म्हणून निदान बघायला तरी मिळतात. पण मुद्दा चूक नाही.

---

दुपारचा_चहा
१६ एप्रिल, रात्री ९:५०

उलटतपासणी, राग कसला. हा प्रश्न मी स्वतःला विचारलाय, तोही बर्फात बादली फोडताना.

काम उरलं नाही हे खरं, आणि का उरलं नाही तेही ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात या तळ्यांच्या भागात केयुगा हेच बाजारातलं बदक होतं. १८७३ ला चीनमधून पांढरं पेकिन आलं. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या जातींच्या पहिल्या पुस्तकात दोन्ही शेजारीशेजारी नोंदली गेली, पण १८९० नंतर बाजार पेकिनचा झाला. पेकिन लवकर वाढतं हे आहेच. दुसरं कारण हास्यास्पद आहे. बदक सोललं की कातडीत पिसांची खुंटं राहतात. पांढरी खुंटं दिसत नाहीत, काळी दिसतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं मांस घाण आहे. रंगापायी गेली बिचारी. आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

माझ्याकडून वारसा टिकतोय असा दावा मी आता करत नाही. गेल्या वर्षी जत्रेत (काउंटी फेअर, पण जत्राच ती) एक म्हाताऱ्या बाई भेटल्या, चाळीस वर्षं केयुगा राखणाऱ्या. माझा फोटो बघून म्हणाल्या, "पोस्टाचा माल. रंग छान, हाड लहान." तोंडावर! नर पौंडात आठाच्या आसपास भरायला हवा, राळा सहा-साडेसहा भरतो. त्या फक्त उशिरापर्यंत काळी राहणाऱ्या बदकांचीच अंडी बसवतात.

कारण ही बदकं पांढरी होतात. वयाने. दर पीसगळीनंतर थोडी पांढरी पिसं, माद्यांत जास्त. बाजरी तिसऱ्या वर्षातच मानेवर, छातीवर अशी शिंपडल्यासारखी झालीये, जणू कोणी तिच्यावर पीठ चाळलंय. नाव सार्थ होतं, आता ज्वारी म्हणायची वेळ आलीये. जत्रेत तिला कोणी बघणार नाही. माझ्यामागे पायरीपर्यंत येणारी मात्र तीच, आणि वितळलेल्या मटारसाठी माझी चप्पल ओढणारीही तीच.

कोद्र्याचं पण सांगून टाकते. दोन नर आणि तीन माद्या, हे प्रमाण वाईट. एका नराला चार-पाच माद्या हव्यात, नाहीतर माद्यांच्या मानेची पिसं उपटली जातात, जखमा होतात. वरीची मान उघडी पडली तेव्हा कोद्रा एका शेतकऱ्याला दिला. तो "शेतावर राहील" म्हणाला. पुढे मी विचारलं नाही.

---

खवय्या_नंबर_दोन
१६ एप्रिल, रात्री १०:१०

सगळं ठीक, पण खाता की नाही?

---

दुपारचा_चहा
१६ एप्रिल, रात्री १०:१४

अंडी. फक्त अंडी. बदकाच्या अंड्याचा केक जो फुगतो तो कोंबडीच्या अंड्याचा फुगत नाही. आमलेट जास्त वेळ ठेवलं की रबर होतं. मंद आचेवर करा.

---

यॉर्कशायरी
१७ एप्रिल, दुपारी १:३०

थंडीत काय करता? आमच्याकडे ओल जास्त, बर्फ कमी.

---

दुपारचा_चहा
१७ एप्रिल, रात्री ८:२०

उणे वीसलाही बाहेर बसतात. मी खुराड्याचं दार उघडते, ती बर्फात पोट टेकवून, एक पाय पिसांत घेऊन, माझ्याकडे "तू का थरथरतेस" अशी बघतात. पायात जाणारं गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं, त्यामुळे पायांतून उष्णता फारशी जात नाही. कोंबडीसारखा तुरा नाही, त्यामुळे तो गोठण्याची भीती नाही. वारा मात्र अडवायला हवा. पेंढा कोरडा हवा. बुरशीचा पेंढा नको, फुप्फुसं जातात. पाण्यासाठी रबराचं घमेलं. सकाळी उलटं करून लाथ मारली की बर्फाची अख्खी भाकरी बाहेर पडते. तिसऱ्या हिवाळ्यात कुंपणाशी अशा भाकऱ्यांची उतरंड झाली होती.

खरा शत्रू मार्चमधला चिखल. एक इंच पाऊस पडला की ही मंडळी चोचीने जमिनीला भोकं पाडतात, मग त्यात पाणी ओतल्यासारखा आवाज करत चिखल चाळतात. दोन वर्षांत हिरवळ गेली. गोगलगायींसाठी बदकं आणली होती हे सांगायचं राहिलंच! गोगलगायी संपल्या. मेथीही संपली, कोथिंबीरही. घमेल्याचं घाण पाणी मी लाल भोपळ्याच्या आळ्यात ओतते, तेवढाच परतावा. गेल्या वर्षी वेलाने गॅरेज गिळलं.

---

दुपारचा_चहा
२६ जुलै, सकाळी ८:०५

धागा वर काढतेय.

उलटतपासणी, तुमच्यामुळे मेमध्ये त्या जत्रेतल्या बाईंकडे गेले. म्हटलं, माझ्या बदकांची नकोत, तुमच्या अंड्यांतली द्या. त्यांनी आधी माझं खुराडं बघायला मागितलं! आल्या, जाळी ओढून बघितली, कड्या दोनदा उघडून लावल्या, मग नऊ अंडी दिली. पैसे घेतले नाहीत, अट घातली : मोठी झाली की दाखवायला आणायची, आणि जी नीट निघतील त्यांची अंडी तिसऱ्या कोणाला द्यायची.

नाचणी खुडूक झालीच होती. तिच्याखाली रात्री अंधारात एकेक सरकवली. २८ व्या दिवशी काही नाही. २९ व्या दिवशी सकाळी चार, दुपारी एक. काळी लव, त्यातल्या दोघांच्या छातीवर पिवळा ठिपका, जेवताना वरण सांडल्यासारखा. नाचणीने त्याच संध्याकाळी त्यांना पाण्यात नेलं. मी टॉवेल घेऊन धावले, पण तिचं काम तिने आधीच केलं होतं, पाणी मोत्यासारखं घरंगळत होतं त्यांच्यावरून.

दोन पिल्लं रस्त्यापलीकडच्या दूधवाल्याच्या नातीला कबूल केली आहेत, तिला जत्रेत न्यायचीत. आज पाच आठवड्यांची झाली. आवाज अजून फुटलेला नाही, त्यामुळे कोण नर कोण मादी माहीत नाही. नावं सुचवा. भरडधान्यं संपली.

---

खारीबिस्किट
२६ जुलै, सकाळी ८:३०

मुलगी म्हणतेय राजगिरा आणि भगर. सशाचं नाव तिने बदक ठेवलंय.

---

लाल_माती
२६ जुलै, सकाळी ८:३४

भगर म्हणजेच वरी ना? ती आहे ऑलरेडी.

---

दुपारचा_चहा
२६ जुलै, सकाळी ८:४१

हो. आणि ती आत्ता माझ्या चपलेवर बसलीये.